सोडियम आत, प्रोटॉन बाहेर : पेशीपटलावरच्या अदलाबदलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना वर्गात, आणि वर्ग सुटल्यावर फोनवर, हे प्रश्न मला सतत येतात. काही बीएस्सी आणि नर्सिंगच्या मुलामुलींचे, काही डायलिसिसवर असलेल्यांच्या घरच्यांचे, काही खारजमिनीत भात लावणाऱ्यांचे. दरवेळी नव्याने लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी आणलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे दुसरीकडे जास्त सांगितलं आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांचा उल्लेख समजून घेण्यापुरता आहे. गोळी सुरू किंवा बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

१. सोडियम-प्रोटॉन अदलाबदल म्हणजे सोप्या शब्दांत काय?

पेशीभोवती मेदाचं पातळ पटल असतं. विद्युतभार असलेले कण त्यातून आपोआप आरपार जात नाहीत. त्यांची ने-आण करायला पटलात रुतून बसलेली प्रथिनं लागतात. त्यातलं एक प्रथिन बाहेरचा एक सोडियम आयन आत घेतं आणि बदल्यात आतला एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा आयन, बाहेर सोडतं. व्यवहार एकास एक. दोघांवरही एकेक धनभार असल्यामुळे पटलावरच्या विद्युतदाबात फरक पडत नाही.

प्रथिनाच्या पोटात बसायची जागा एकच असते. ती कधी बाहेरच्या बाजूला उघडी असते, कधी आतल्या. एसटीतल्या एकाच सीटसारखं समजा: एक उतरल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही, आणि सीट रिकामी असताना ही गाडी बाजूच बदलत नाही. म्हणून नुसता सोडियम आत आला आणि बदल्यात काहीच बाहेर गेलं नाही, असं होत नाही. या प्रथिनांच्या कुळाला एनएचई म्हणतात.

२. पेशीत आम्ल तयारच कुठून होतं, की ते बाहेर टाकावं लागतं?

जगण्यातून. साखर जळताना लॅक्टिक आम्ल तयार होतं, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं. शिवाय पेशीच्या आतली बाजू ऋणभारित असल्यामुळे बाहेरच्या धनभारित प्रोटॉनला आत ओढच असते. पेशीने काहीच केलं नाही तर आतला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की तो उतरतो) घसरत जाईल.

३. सामू ७.२ आणि ७.४ यात असा काय मोठा फरक आहे?

सामूची पट्टी फसवी आहे, कारण तिच्यावरची एक पायरी म्हणजे दहापट. रक्ताचा सामू ७.४, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ४० नॅनोमोल (कणांची संख्या मोजायचं एक माप; दहा लाख नॅनोमोल म्हणजे एक मिलिमोल) मोकळे प्रोटॉन. पेशीच्या आत ७.२, म्हणजे सुमारे ६३. पट्टीवर ०.२ चा फरक दिसतो, प्रत्यक्षात प्रोटॉन दीडपटीहून जास्त झालेले असतात.

हे किती विरळ आहेत ते मी फळ्यावर असं मांडते. बाजू एक मायक्रोमीटर असलेला ठोकळा घ्या, साधारण एका जिवाणूएवढा. सामू ७.२ असेल तर त्यात मोकळे प्रोटॉन किती? ३८. फक्त अडतीस. तेवढ्याच जागेत पेशीबाहेरच्या द्रवातले सोडियम आयन असतात ८ कोटींहून अधिक. म्हणजे चिमूटभर गोष्ट सांभाळण्यासाठी पेशी डोंगराएवढ्या गोष्टीचा दाब वापरते. प्रोटॉन संख्येने थोडे असले तरी प्रथिनांना चिकटून त्यांचा आकार आणि काम बदलतात, म्हणून त्यांच्यावर एवढी नजर. (आतले बहुतेक प्रोटॉन प्रथिनं आणि फॉस्फेट धरून ठेवतात. इथे हिशोब फक्त मोकळ्यांचा आहे.)

४. पुस्तकात लिहिलंय की यासाठी एटीपी लागत नाही. मग हे काम फुकट होतं का?

फुकट नाही, उधारीवर होतं. एनएचई स्वतः एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मोडत नाही हे खरं. बाहेर सोडियम १४० मिलिमोलच्या आसपास आणि आत १० ते १५, या उतारावर ते चालतं. पण हा उतार टिकवतं कोण? सोडियम-पोटॅशियम पंप. तो प्रत्येक एटीपीमागे ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप दाखवला, आणि त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

पंप बंद पडला की आतला सोडियम वाढतो, उतार सपाट होतो आणि एनएचईचा जोर ओसरतो. परीक्षेत 'दुय्यम सक्रिय वहन' असं लिहायचं ते यालाच.

५. मी ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल घेतो. ती 'प्रोटॉन पंप'ची गोळी याच प्रथिनावर चालते का?

नाही. हा गोंधळ सर्वांत जास्त होतो, तोही नावामुळे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जठरातला हायड्रोजन-पोटॅशियम पंप अडवतात. तो पंप थेट एटीपी खर्च करतो, प्रोटॉन बाहेर टाकताना पोटॅशियम आत घेतो आणि जठरातला सामू १ च्या आसपास नेऊ शकतो. एवढी चढण एनएचईच्या आवाक्यातली नाही. जठराच्या त्याच पेशींवर, रक्ताकडच्या बाजूला, एनएचईसुद्धा असतं. पण तुमच्या गोळीचा त्याच्याशी संबंध नाही.

६. सोडियमचा उतार दहा-बारा पट आहे. मग प्रोटॉन बाहेर जात राहून पेशी अल्कधर्मी का होत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याला विषय कळला, असं मी समजते. हिशोब करून बघा. बाहेर १४०, आत १२. गुणोत्तर जवळजवळ १२. व्यवहार एकास एक असल्यामुळे प्रोटॉनचाही तेवढाच उतार उलट्या दिशेने उभा राहू शकतो, म्हणजे सामूत साधारण एका पायरीचा फरक. बाहेर ७.४ असेल तर आत ८.४ पर्यंत जायला हवं. प्रत्यक्षात पेशी ७.२ च्या आसपास थांबते.

थांबते, कारण प्रथिनाला आतल्या बाजूने एक वेगळी जाणीव आहे. ने-आण करायच्या जागेखेरीज तिथे प्रोटॉनसाठी आणखी एक जागा असल्यासारखं ते वागतं. पेशी आम्ल झाली की त्या जागी प्रोटॉन बसतो आणि प्रथिन जागं होतं. आम्लता ओसरली की ते झोपी जातं, बाहेर सोडियम कितीही असो. पीटर ॲरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मूत्रपिंडाच्या पेशींच्या पटलावर हे दाखवलं. आतला सामू घसरताना वेग सरळ रेषेत वाढत नव्हता, एकदम उसळत होता.

मला या प्रथिनात सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. उतार कायम आहे, जोर कायम आहे. पण कधी चालायचं हे आतल्या गरजेवर ठरतं. वाढीला उत्तेजन देणारे पदार्थ आले किंवा पेशी आकसली, तर जागं होण्याची ही पातळीच वर सरकते आणि एरवी झोपलेलं एनएचई१ (या कुळातलं जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं प्रथिन, प्रश्न ८) नेहमीच्या सामूलाही चालू लागतं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं, हृदयाचं (प्रश्न १३) धरून, या झोपण्या-उठण्यावरच येऊन ठेपतात.

७. हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. मग कळलं कसं?

कल्पना आधी आली. पीटर मिचेल यांनी १९६० च्या दशकात पटलापलीकडच्या प्रोटॉनच्या उतारावर पेशीचं ऊर्जाकारण उभं केलं. त्यात आयनांची अशी अदलाबदल असणार, हा त्यांचा तर्क होता. १९७४ मध्ये इयान वेस्ट आणि मिचेल यांनी ती ई. कोलाय जिवाणूत दाखवली. १९७६ मध्ये मुरर, हॉप्फर आणि किने यांनी उंदराच्या आतड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या पटलांच्या इवल्या पिशव्या करून त्यात दाखवली. मानवी प्रथिनाचा जनुक क्लोड सार्दे, झाक पुईसेगुर आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या नीस इथे १९८९ मध्ये वेगळा केला.

आज प्रयोगशाळेत ते असं बघतात. पेशींमध्ये सामूप्रमाणे चमक बदलणारा रंग भरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. वरून २० मिलिमोल अमोनियम क्लोराइडचं द्रावण सोडतात. अमोनिया पटलातून आत शिरतो, प्रोटॉन धरतो, आणि पडद्यावरची रेघ वर जाते. काही मिनिटांनी ते द्रावण धुऊन काढतात. अमोनिया झटकन बाहेर पळतो आणि धरलेले प्रोटॉन आतच टाकून जातो. रेघ कोसळते, सामू ६.५ च्या आसपास. आता मुद्दाम सोडियम नसलेलं द्रावण दिलेलं असतं. रेघ खालीच आडवी पडून राहते. एक मिनिट, दोन मिनिटं, काही हालचाल नाही. मग सोडियमचं द्रावण सोडायचं. रेघ लगेच उचल खाते, आधी चढी, मग ७.२ जवळ आली की मवाळ, आणि तिथे टेकते. प्रश्न ६ मधलं सगळं उत्तर त्या एका वळणदार रेघेत असतं. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले होते.

८. एनएचई१, एनएचई३ असे आकडे का? किती प्रकार आहेत?

माणसात या जनुककुळात १३ सदस्य आहेत. त्यातले एनएचई१ ते एनएचई९ जास्त परिचित. लक्षात ठेवायला पत्ता बघा, आकडा नको. एनएचई१ जवळजवळ प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या पटलावर, घर सांभाळणारं. एनएचई३ मूत्रपिंडाच्या नलिकांत आणि आतड्यात, मीठ आणि पाणी शोषणारं (प्रश्न ९ आणि १०). एनएचई५ मुख्यतः मेंदूत. एनएचई६, ७ आणि ९ पेशीच्या आतल्या पिशव्यांवर, त्यांची आम्लता प्रमाणात ठेवणारी. शुक्रजंतूंचं एक वेगळंच आहे. ते नसलेले नर उंदीर वंध्य असतात, कारण शुक्रजंतू पोहतच नाहीत.

९. किडनीत याचं काम किती मोठं आहे?

आकडा ऐकून मुलं दरवेळी चकित होतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात मिठाच्या भाषेत जवळजवळ दीड किलो सोडियम असतं. आपण खातो मूठभर ग्रॅम. म्हणजे गाळलेलं जवळपास सगळं परत आणावं लागतं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश नलिकेच्या पहिल्याच भागात परत येतं, आणि तिथला मुख्य कारभारी एनएचई३.

त्याचा दुसरा हातभार आम्ल-अल्कलीच्या तोलाला. बाहेर टाकलेला प्रोटॉन नलिकेतल्या बायकार्बोनेटला भेटतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो सहज पेशीत शिरतो आणि आत पुन्हा बायकार्बोनेट होऊन रक्तात जातो. गाळलेल्या बायकार्बोनेटपैकी सुमारे ८० टक्के या पहिल्या भागात असं वाचतं. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक एनएचई३ चा जोर वाढवतं, पॅराथायरॉइडचं संप्रेरक कमी करतं. रक्तदाबाचे अभ्यासक या प्रथिनाकडे बघतात ते यामुळे.

१०. जुलाबात जलसंजीवनी देतात. त्याचा एनएचईशी काय संबंध?

जवळचा संबंध आहे, आणि थोडा उलटा. खाल्लंप्यालेलं आणि पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. शौचावाटे जातो फार तर २०० मिलिलिटर. हे शोषण सोडियमच्या मागोमाग होतं आणि जेवणांच्या मधल्या काळात सोडियम आत आणण्यात एनएचई३ चा मोठा वाटा असतो. शेजारी क्लोराइड-बायकार्बोनेटची अदलाबदल करणारं प्रथिन, दोघं मिळून मीठ आत घेतात.

पटकीचं विष पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या भरमसाट वाढवतं. तो दोन आघात एकदम करतो: क्लोराइडचा मार्ग सताड उघडतो, त्यामुळे पाणी आतड्यात ओतलं जातं, आणि एनएचई३ ला झोपवतो, त्यामुळे ते परत शोषलं जात नाही. अशा वेळी नुसतं मीठ-पाणी पाजून फारसं भागत नाही, कारण जे दार मीठ आत घेतं तेच मिटलेलं आहे.

पण आतड्यात आणखी एक वाहक असतो. तो ग्लुकोजबरोबर सोडियम आत आणतो आणि पटकीच्या विषाला दबत नाही. जलसंजीवनीत ग्लुकोज असतं ते रुग्णाला ताकद यावी म्हणून नव्हे, तर या दुसऱ्या दाराची किल्ली म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असतं. पुडीच्या हिशोबात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. म्हणून एक लिटरची पुडी एका पेल्यात कालवू नका, आणि गोड लागावं म्हणून वरून साखरही घालू नका. जास्त साखर आतड्यात पाणी खेचते.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातून पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले; पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाला. ही छावणीची गोष्ट सांगितल्याशिवाय मी हा धडा संपवत नाही.

११. डायलिसिसच्या रुग्णाला 'टेनापॅनॉर' नावाचं औषध असतं असं वाचलं. ते काय करतं?

ते आतड्यातल्या एनएचई३ ला अडवतं आणि रक्तात जवळजवळ शिरत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये बद्धकोष्ठाच्या एका प्रकारासाठी आणि २०२३ मध्ये डायलिसिसवरच्या प्रौढांमध्ये फॉस्फरस कमी करण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. पहिला उपयोग सरळ आहे: सोडियम आतड्यातच राहिला की पाणीही राहतं. दुसरा जरा वळसा घालून होतो. प्रोटॉन बाहेर जायचे थांबले की आतड्याच्या पेशी किंचित आम्ल होतात, त्यामुळे दोन पेशींमधल्या सांध्यांतून फॉस्फेटला वाट मिळणं कमी होतं. जुलाब हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम, आणि का ते प्रश्न १० वरून कळेल. सहा वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, असा ठळक इशारा त्याच्यावर आहे, कारण शरीरातलं पाणी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतं.

१२. ॲमिलोराइड एनएचई अडवतं असं प्रॅक्टिकलच्या पुस्तकात आहे, आणि फार्माकॉलॉजीत ते सोडियम चॅनल अडवतं असं आहे. कोणतं खरं?

दोन्ही. प्रश्न मात्रेचा आहे. रुग्णाला देतात त्या मात्रेत ते मूत्रपिंडाच्या शेवटच्या भागातला सोडियम चॅनल अडवतं. एनएचई१ अडवायला त्याहून बरंच जास्त लागतं, आणि एनएचई३ तर त्याला दाद देत नाही म्हणावं इतपत चिवट आहे. परीक्षेत 'रुग्णात' विचारलंय की 'प्रयोगात', ते आधी बघा.

१३. हार्ट ॲटॅकमध्ये एनएचई बंद केलं तर हृदय वाचतं, असं ऐकलं. मग तसं औषध का मिळत नाही?

हे लांबून सांगावं लागेल, कारण यात तर्क बरोबर होता आणि तरी औषध आलं नाही.

रक्तपुरवठा थांबला की हृदयाच्या पेशीत आम्ल साचतं. पण बाहेरही साचतं, म्हणून एनएचई१ दबलेलं राहतं. खरा गोंधळ रक्त पुन्हा सुरू होतं तेव्हा. बाहेरचं आम्ल क्षणात धुतलं जातं, आत ते तसंच असतं, आणि प्रश्न ६ मधला जागं होण्याचा इशारा पूर्ण जोरात. एनएचई१ प्रोटॉन बाहेर फेकत सोडियम आत घेत सुटतं. तो बाहेर काढणारा पंप एटीपीअभावी लुळा. मग सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल करणारं तिसरं प्रथिन, जे एरवी कॅल्शियम बाहेर टाकतं, उलटं फिरतं आणि कॅल्शियम आत भरतं. कॅल्शियमने पेशी आखडते आणि मरते. पेशी आपला सामू सावरायला धावते आणि त्यातच बुडते.

प्राण्यांमध्ये एनएचई१ अडवलं तर हृदयाचं नुकसान कमी झालं, वारंवार झालं. मग कॅरिपोराइड हे औषध माणसांत तपासलं. २००० मध्ये जाहीर झालेल्या गार्डियन चाचणीत साडेअकरा हजारांच्या आसपास रुग्ण होते. एकूण फायदा दिसला नाही. नंतरच्या एक्सपिडिशन चाचणीत बायपासचे ५,७६१ जोखमीचे रुग्ण होते आणि औषध वेळेआधी दिलं गेलं. हृदयविकाराचे झटके १८.९ टक्क्यांवरून १४.४ टक्क्यांवर आले. म्हणजे तर्क माणसातही खरा ठरला. पण मृत्यू १.५ वरून २.२ टक्क्यांवर गेले, कारण मेंदूतल्या पक्षाघाताच्या घटना वाढल्या. औषध तिथेच थांबवलं गेलं, आणि थांबवायलाच हवं होतं. एनएचई१ सगळ्याच पेशींत असतं; हृदयापुरतं ते मिटवता येत नाही.

१४. मधुमेहाची एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन ही औषधं हृदयातलं एनएचई१ अडवतात म्हणून हृदयाला फायदा होतो, हे खरं का?

हृदयाला फायदा होतो हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध आहे. तो या वाटेने होतो का, यावर वाद आहे. २०१७ मध्ये सशाच्या हृदयपेशींवरच्या प्रयोगात एनएचई१ दबतं असं दिसलं. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने काळजीपूर्वक पुन्हा मोजलं, तेव्हा तसं दिसलं नाही. पाठ्यपुस्तकात ठाम विधान म्हणून लिहिण्याइतकं हे अजून पक्कं नाही. मूत्रपिंडातल्या ग्लुकोजच्या वाहकावरचा त्यांचा परिणाम मात्र निर्विवाद आहे.

१५. अल्कलाइन पाणी प्यायल्याने पेशीतलं आम्ल कमी होतं का? कर्करोगाला फायदा होतो का?

पेशीतलं आम्ल कमी होत नाही. सामू ९ असलेल्या एक लिटर शुद्ध पाण्यात अल्कली असते ०.०१ मिलिमोल. आपलं शरीर रोज पन्नास-सत्तर मिलिमोल आम्ल तयार करून मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतं. शिवाय ते पाणी आधी जठराच्या आम्लात पडतं.

कर्करोगाचा भाग अर्धवट माहितीतून येतो, म्हणून तो नीट सांगते. गाठीतल्या पेशी एनएचई१ आणि इतर वाहक जोरात चालवतात. त्यामुळे आतला सामू नेहमीइतका किंवा किंचित वर आणि गाठीबाहेरचा ६.५ ते ६.९ पर्यंत खाली, असं उलटं चित्र दिसतं. ही आम्लता गाठ पसरायला मदत करते, असं संशोधन आहे. पण ती गाठ स्वतः बनवते, आणि रक्ताचा सामू फुप्फुसं व मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्येच ठेवतात. पिण्याच्या पाण्याने तिथे काही बदलत नाही. एनएचई१ रोखणारं एकही औषध आज कर्करोगाचा मान्य उपचार नाही. कृपया या कारणासाठी उपचार लांबवू नका.

१६. झाडांमध्ये ही अदलाबदल असते का? आमच्या खारजमिनीत त्याचा उपयोग होईल का?

असते, पण उलट्या बाजूने. झाडांकडे आपल्यासारखा सोडियम-पोटॅशियम पंप नसतो. ती एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलतात आणि मग प्रोटॉनच्या उतारावर सोडियम हाकलतात. मुळाच्या पेशींच्या पटलावर एसओएस१ हे प्रथिन सोडियम बाहेर काढतं. पेशीच्या पोटातल्या मोठ्या रिक्तिकेवर एनएचएक्स नावाची प्रथिनं असतात. ती सोडियम रिक्तिकेत कोंडतात, म्हणजे बाकी पेशीला तो बाधत नाही.

एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटाने १९९९ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात एनएचएक्स१ जास्त बनवायला लावलं आणि ते २०० मिलिमोल मिठात वाढलं. २००१ मध्ये टोमॅटोत तेच केलं. सोडियम पानांत साठला, फळांत फारसा गेला नाही.

मग खारं पाणी सोसणारं भात याच वाटेने का आलं नाही? कारण शेतातलं मीठ एका प्रथिनाने आटोक्यात येत नाही. भाताच्या क्षारसहनशीलतेत एका वेगळ्या वाहकाचा वाटा मोठा निघाला; तो खोडातून वर चढणाऱ्या रसातला सोडियम वाटेतच काढून घेतो, पानांपर्यंत पोचू देत नाही. एनएचएक्स प्रथिनं पोटॅशियमचीही ने-आण करतात, हेही पुढे कळलं. त्यामुळे 'एक जनुक घाला आणि समुद्राच्या पाण्यावर पीक घ्या' असं कोणी म्हणत असेल तर सावध राहा. समुद्राच्या पाण्यात सोडियम ४७० मिलिमोलच्या आसपास असतो.

कोकणात आणि गोव्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या निवडीने झालं आहे. गोव्याच्या खाजणातलं कोरगुट भात खाऱ्या चिखलात उभं राहतं, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ हे वाण दिले. पण वाण कितीही सोसणारा असो, पावसाने जमिनीतलं मीठ खाली धुतलं जाणं, बांध शाबूत असणं आणि भरतीला मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या झडपेचं) दार वेळेवर मिटणं, यांना पर्याय नाही. रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात भात मिठाला सर्वांत हळवं असतं.

१७. फुलाचा रंगही यामुळे बदलतो म्हणे?

हो, आणि हे तुम्ही कुंपणावर बघू शकता. काळादाण्याच्या कुळातल्या निळ्या वेलाची मिटलेली कळी जांभळट-लालसर असते, पहाटे उमललेलं फूल निळं असतं. उमलताना पाकळीच्या रिक्तिकेतला सामू चढतो. 'हेवनली ब्लू' या जातीत तो ६.६ वरून ७.७ होतो. रंगद्रव्य तेच, सामू बदलला म्हणून निळं दिसतं. हे करणारं प्रथिन एनएचएक्स१. काळादाण्याच्या ज्या वेलात त्याचा जनुक बिघडलेला आहे, त्याचं फूल उमललं तरी जांभळंच राहतं.

१८. एकास एक हा नियम सगळीकडे लागू आहे का?

प्राण्यांच्या एनएचईला लागू आहे. ई. कोलायचं एनएचएए मात्र एका सोडियममागे दोन प्रोटॉन घेतं, त्यामुळे ते पटलावरच्या विद्युतदाबावरही चालतं. त्याची दिशा उलटी: सोडियम बाहेर, प्रोटॉन आत. आणि जागं होण्याची अटही उलटी: आतला सामू अल्कधर्मी झाला की ते चालू होतं, आम्ल झाला की मिटतं. त्याची रचना २००५ मध्ये जेरुसलेमच्या एटाना पादान यांच्या आणि जर्मनीतल्या गटाने मिळून उलगडली.

१९. आम्लाशिवाय दुसऱ्या कशाने हे जागं होतं का? एखादं उदाहरण द्या.

दोन देते. ट्राउट माशाला पाण्यात प्राणवायू कमी पडला की त्याच्या रक्तात ॲड्रेनलिन येतं. ते लाल पेशींवरचं एनएचई चालू करतं, पेशीतले प्रोटॉन बाहेर जातात आणि आतला सामू वाढल्यामुळे हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. ती पेशी सोडियम आणि पाणी शिरून थोडी फुगतेही.

दुसरं समुद्री अर्चिनच्या अंड्याचं. फलन होताच काही मिनिटांत अंड्यातला सामू ६.८ च्या आसपासून ७.२ च्या पुढे जातो आणि प्रथिनं बनवण्याचा वेग वाढतो. १९७६ मध्ये जॉन्सन, एपेल आणि पॉल यांनी दाखवलं की त्या वेळी आजूबाजूच्या पाण्यातला सोडियम काढून टाकला तर वाढ पुढे सरकत नाही.

२०. जनुकात बिघाड असेल तर माणसाला काय होतं?

कोणत्या प्रकारात बिघाड आहे त्यावर अवलंबून. एनएचई३ नसेल तर जन्मापासून पाण्यासारखे, सोडियमने भरलेले जुलाब. बाळ पोटात असतानाच गर्भजल वाढलेलं दिसतं. लघवी समजून ते शौच दुर्लक्षित राहू शकतं, म्हणून आईने 'डायपर सतत ओलं असतं' म्हटलं की नीट ऐकावं. एनएचई६ चा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यातल्या बिघाडाने मुलग्यांमध्ये ख्रिश्चियनसन सिंड्रोम होतो: बोलणं न येणं, तोल जाणं, झटके. एनएचई१ मधल्या दुर्मिळ बिघाडात तोल आणि श्रवण दोन्ही जातात.

२१. सोडियमच्या जागी दुसरं काही बसतं का?

बसतं. लिथियम सहज बसतो, कारण तो सोडियमसारखाच, पण लहान. प्रोटॉनच्या जागी अमोनियमही जातो आणि मूत्रपिंड त्याचा उपयोग आम्ल बाहेर टाकायला करतं. पोटॅशियमला एनएचई१ उभं करत नाही.

लिथियमचा भाग मनोविकारासाठी ती गोळी घेणाऱ्यांच्या घरच्यांनी नक्की वाचावा. मूत्रपिंडाच्या पहिल्या नलिकेत लिथियम सोडियमबरोबरच परत शोषला जातो आणि त्यात एनएचई३ चाही वाटा आहे. उलट्या-जुलाब, कडक उन्हात घाम, एकदम अळणी खाणं किंवा काही मूत्रल गोळ्या यांनी शरीरात सोडियम कमी पडला, की मूत्रपिंड मिळेल तो सोडियम ओढून घेतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळ्यांची संख्या तीच असते, रक्तातली पातळी मात्र वाढते. हात जाड थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं, गुंगी असं काही दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि लिथियमची पातळी त्याच दिवशी तपासून घ्या.